वायरीच्या टिकल्या

आई बहिरी झाली, हे घरात आधी ठरलं आणि मग तिला सांगण्यात आलं.

ठरवलं अतुलनं, पुण्यात बसून. पुरावे त्याच्यापाशी भरपूर होते. वडील, अप्पाराव, जाऊन दीड महिना झाला होता, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या नानासाहेबांनी त्याला दोनदा फोन केला होता, की तुमच्या टीव्हीनं आमच्या मांडणीतल्या ताटल्या वाजतात. मग एक दिवस कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळीचा कोळसा झाला, धूर जिन्यात आला, आणि आई, म्हणजे लीलाबाई, आपली टीव्हीसमोर बसलेली. नानासाहेबांनी दार बडवून बडवून उघडायला लावलं. त्याच संध्याकाळी अतुलनं बहिणीला फोन केला.

"ताई, रविवारी गाडी घेऊन येतो. आईला इकडंच आणतो. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. घर भाड्यानं देऊ. आणि अप्पांचं ते होम थिएटरचं धूड कुणी नेत असेल तर देऊन टाक."

सुलेखा जालन्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची. तिनं गुरुवारपासून तीन दिवसांची रजा टाकली आणि आईची बॅग भरायला म्हणून एसटीत बसली. निदान अतुलला तिनं तसं सांगितलं होतं.

सिडकोतल्या त्या घराच्या जिन्यातच तिला मालिकेचं संगीत ऐकू आलं. तिनं बेल दाबली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबल्यावर खालचं दार उघडलं आणि नानासाहेबांनी मान वर केली.

"बेलचा उपयोग नाही, ताई. लाईट गेली की उघडतात त्या."

"आणि नाही गेली तर?"

"तर मी आहेच की," असं म्हणून ते काठी घेऊन वर आले आणि त्यांनी सरावानं दाराच्या खालच्या फळीवर चार ठोके दिले. दार उघडलं. आईच्या कपाळावर काही नव्हतं. याची सवय सुलेखाला अजून झाली नव्हती, म्हणून ती एकदम मोठ्यानं बोलली, "आई, कशी आहेस?"

"वरडू नको गं," आई म्हणाली. "मी समोरच हाये तुझ्या."

अँप्लिफायरवर निळे आकडे दिसत होते. अडतीस. अप्पांच्या वेळी तिथं बारा असायचे, फार तर चौदा. सुलेखानं आवाज वीसवर आणला आणि आईशेजारी सोफ्यावर, अप्पांच्या जागी नव्हे, जरा कडेला बसली. संगीत चांगलं भरघोस येत होतं. दार आपटल्याचा आवाज आला, तोही खणखणीत. पण मालिकेतली सासू बोलायला लागली तेव्हा ती तोंडाला मडकं लावून बोलल्यासारखी वाटली. सुलेखा मधे सरकली, अप्पांच्या जागी, तर सासू मडक्यासकट विहिरीत उतरली.

"आई, काय म्हणाली ती?"

"मला काय इचारती? मी बहिरी हाये ना."

"मलाही नाही कळलं."

आईनं प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "खरं सांगती का माझं मन राखती?"

"खरं."

"स्वयंपाकघरातून नीट ऐकू येतं बघ. कांदा चिरता चिरता सगळं कळतं. इथं येऊन बसलं की नाय. म्हणून मग मी वाढवते आवाज. मी अतुललाबी सांगितलं हे. तो म्हन्ला, आई, असं असतं का कुठं? जवळ गेल्यावर कमी ऐकू येतं का?" आईनं पदर सारखा केला. "मग मलाच वाटाया लागलं, नसंल होत."

सुलेखा उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथं सासूचं एकेक वाक्य सुटं ऐकू आलं. ती परत सोफ्यावर आली. सासू विहिरीत.

त्या क्षणी तिनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. बॅग भरायची की नाही ते नंतर. आधी हे.

अप्पा चिकलठाण्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं वायरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी म्हणून घेतलेली एकच वस्तू म्हणजे हे होम थिएटर. पुढं कमरेएवढे दोन उभे स्पीकर, मागं भिंतीवर दोन छोटे, कोपऱ्यात दणका देणारा वूफर, आणि टीव्हीखाली माणसांच्या बोलण्यासाठी म्हणून एक मधला आडवा स्पीकर. भिंतीचा रंग बिघडू नये म्हणून त्यांनी वायरी पांढऱ्या आणल्या, दोन्ही तारा पांढऱ्या, आणि त्या पांढऱ्या केसिंग-पट्टीतून अशा फिरवल्या की पाहुण्याला दाखवल्याशिवाय दिसू नयेत. दोन वर्षांनी मधला स्पीकर जळाला. अप्पांनी तो काढून टाकला, नवा काही आणला नाही. सुलेखा तेव्हा सुट्टीत आलेली होती. तिनं विचारलं, आता बोलणं कसं ऐकू येणार? अप्पांनी तिला सोफ्याच्या बरोबर मधे बसवलं.

"डोळे मीट. बातम्यावाली कुठून बोलतीय, बोट दाखव."

तिनं बोट दाखवलं. डोळे उघडले तर बोटासमोर, मधल्या स्पीकरच्या रिकाम्या जागी, मनीप्लँटची बाटली होती.

"दोघं नीट जोडले ना," अप्पा म्हणाले, "की मधला आपोआप बोलतो."

अप्पा गेले तेव्हा ती रडली नव्हती. पाहुण्यांना चहा करत होती, सतरंज्या मोजत होती. आता ती बाटलीकडे पाहत होती आणि तिथून कुणीच बोलत नव्हतं.

गुरुवारची उरलेली दुपार तिनं पुस्तिकेत घालवली. अँप्लिफायरची पुस्तिका अप्पांनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत जपून ठेवली होती. सुलेखानं शाळेतल्या शिस्तीनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. रिमोटवरचं एकेक बटण दाबून पाहिलं. सिनेमा, संगीत, खेळ, स्टिरिओ. प्रत्येक वेळी आईला विचारायचं, "आता?"

"आता देवळात बोलल्यासारखं."

"आता?"

"आता मोरीत."

"आता?"

"आता काय बी नाय. त्वा बंद केला का?"

चुकून बंदच झालं होतं. दोघी हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण या घरात दीड महिन्यात कुणी हसलं नव्हतं.

संध्याकाळी अतुलचा फोन आला. "भरली का बॅग?"

"अतुल, सेटमध्ये काहीतरी बिघाड आहे. मलाही बोलणं ऐकू येत नाही."

"अगं, बारा वर्षांचं जुनं डबडं आहे ते. मी इकडं नवा साउंडबार घेतलाय. आणि ताई, कुकर काय स्पीकरमुळं करपला का?"

"हो," सुलेखा म्हणाली. "आवाज अडतीसवर होता म्हणून करपला. आणि अडतीसवर का होता, ते मला शोधायचंय."

"रविवारी मी येतोच आहे," अतुल म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला रात्रंदिवस आई जळालेली दिसत होती, एवढंच.

शुक्रवारी सकाळी तिनं टीव्हीचं स्टँड पुढं ओढलं. मागं धूळ, एक हरवलेली सुई, आणि अँप्लिफायरच्या पाठीवर लाल-काळ्या खुंट्यांची रांग. तिनं अप्पांचा स्क्रू ड्रायव्हर आणला. त्याच्या मुठीवरची चिकटपट्टी त्यांच्या अंगठ्याच्या आकाराची झिजली होती. तिनं तो जरा वेगळा धरला आणि एकेक खुंटी तपासायला घेतली. सगळ्या पक्क्या. मागचा एक छोटा स्पीकर सैल निघाला, तो तिनं आवळला. फरक काही पडला नाही. मग डाव्या मोठ्या स्पीकरची तार ती बोटानं हलवून बघत होती तेवढ्यात ती निसटून तिच्या हातात आली.

आणि मालिकेतली सासू, जी काल विहिरीत होती, ती एकदम खोलीत येऊन उभी राहिली. "मी या घरात पाऊल ठेवू देणार नाही!"

"आली!" आई ओरडली. "सुलू, आली बघ! काय केलंस?"

"तार काढली."

"मग राहू दे काढलेली."

सुलेखानं तार परत लावली. सासू गेली. डावी काढली, आली. डावी लावून उजवी काढली, तरी आली. दोन्ही लावल्या, गेली. ती फरशीवर मांडी घालून बसली. एक बोलला तर ऐकू येतं, दुसरा बोलला तरी ऐकू येतं, आणि दोघं बरोबर बोलले की शब्द नाहीसे होतात. तिच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर असंच होत असे, पण तिथं निदान गोंगाट तरी उरत असे.

"एकच चालू दे ना," आई म्हणाली. "काय बिघडतं?"

"नाही," सुलेखा म्हणाली, तिला स्वतःलाच नवल वाटेल इतक्या ठामपणे. "अप्पांनी दोन जोडले होते."

दुपारी ती पैठण गेटजवळच्या गल्लीत गेली. अप्पांनी सेट जिथून घेतला होता ते दुकान आता निम्म्यावर आलं होतं, अर्ध्यात मोबाईलची कव्हरं लटकत होती. पण उरलेल्या अर्ध्यात सय्यद चाचा तसेच, डोळ्याला भिंग लावून बसलेले. तिनं वडिलांचं नाव सांगितलं.

"अप्पासाब की बेटी?" त्यांनी भिंग काढलं. "कैसे हैं उनो?"

तिनं सांगितलं. चाचांनी हातातली सोल्डरिंगची कांडी ठेवून दिली. "मेरे कू किसी ने बोला नै," ते म्हणाले. मग त्यांनी तिला स्टूल दिलं आणि तिची सगळी हकीकत मधे न बोलता ऐकली.

"मशीन अच्छी है, बाजी. कुछ नै हुआ उसकू. देखो, दो आदमी एक रस्सी पकडे. दोनों मिलके खींचे तो बाल्टी ऊपर. एक इधर खींचा, एक उधर खींचा, तो? बाल्टी वहींच. तुम्हारा एक स्पीकर उल्टा जुड गया. प्लस की जगा मायनस. जिस वखत एक बाहर ढकलता, दूसरा अंदर खींचता. जो आवाज दोनों में एक जैसी है, यानी बात करने की, वोईच कट जाती. ठीक बीच में बैठे तो सबसे ज्यादा कटती."

"आणि स्वयंपाकघरात?"

"बाजू में हो गए ना. एक पास, एक दूर. वहाँ पूरा नै कटता." ते जरा हसले. "मगर अप्पासाब की वायर उल्टी? उनो तो हर वायर कू निशानी लगाते थे. जाके निशानी देखो. नै मिली तो एक पेन्सिल सेल लो, इस तार कू लगाओ. स्पीकर का पडदा बाहर आया, तो सेल का प्लस जिधर है वो प्लस. अंदर गया, तो उल्टा."

तिनं पैसे विचारले तर चाचांनी भिंग परत डोळ्याला लावलं. त्यातच उत्तर होतं.

घरी येऊन तिनं टॉर्च घेतला आणि पांढऱ्या तारांची टोकं एकेक करून उजेडात धरली. लाल रंग नाही, गाठ नाही, चिकटपट्टी नाही. पण प्रत्येक जोडीतल्या एकेका तारेवर, टोकापासून दोन बोटांवर, डाळीएवढा गोल मळका डाग होता. डिंकावर धूळ बसून झालेला. डाव्या स्पीकरच्या वायरीवर मात्र तोही नव्हता, ती ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेली होती.

"आई, इथं काय लावलेलं होतं?"

आईनं चष्मा चढवून पाहिलं आणि ती सोफ्याच्या हातावर टेकली.

"टिकल्या," ती म्हणाली. "माझ्या."

मग तिनं सांगितलं ते असं. अप्पांना काहीही खूण करायची असली की ते आरशाजवळ जायचे. आईच्या टिकल्या आरशाच्या कडेला चिकटवलेल्या असायच्याच. तिथली एक उचलायची आणि लावायची. पाण्याच्या मोटारीच्या बटणाला, इन्व्हर्टरला, गॅसच्या जादा किल्लीला, आणि या सगळ्या वायरींच्या प्लसला. लिहून ठेवायचं त्यांना माहीत नव्हतं. लाल म्हणजे प्लस, एवढंच. आई म्हणायची, माझं पाकीट आठ दिवस पुरत नाय या माणसापायी.

दहाव्याच्या दिवशी आवडाआत्या, अप्पांची थोरली बहीण, आईची अक्का, देवगाव रंगारीहून आली होती. आता घरात नको म्हणून तिनं आरशावरच्या टिकल्या वेचून काढल्या. कपाटाच्या दारावरच्या काढल्या. हॉलमध्ये माणसं बसायची म्हणून सेट उचलून गॅलरीत ठेवायला काढला, वायरी सुटल्या, तर त्यांच्यावरही टिकल्या. "आगं बया, ह्या इथंबी!" असं म्हणत तिनं नखानं खरवडून त्याही काढल्या आणि सुरुवात केली तिथं ओलं फडकंसुद्धा फिरवलं. चौदाव्या दिवशी तिच्या मुलानं, सोमनाथनं, सेट परत जोडून दिला. दोन पांढऱ्या तारा, कुठली कशात, त्याला काय कळणार? आवाज आला, तो खूश झाला.

"तू काही बोलली नाहीस आत्याला?"

"काय बोलू?" आई म्हणाली. "त्या वक्ताला माणूस बोलतं का? हातातल्या बांगड्या गेल्या, तिथं वायरीचं काय घेऊन बसू?"

सुलेखा उठून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, त्यातला पेन्सिल सेल काढला आणि डाव्या स्पीकरची पुढची जाळी उचकटून काढली. आत काळा पडदा होता, परातीच्या मधल्या खोलगट भागासारखा.

"आई, इकडं ये. यावर बोटं ठेव. हलकी. मी तिकडं सेल टेकवते. पडदा बाहेर येतो का आत जातो ते तू सांगायचं."

"मला शॉक बसंल."

"नाही बसणार."

"तुझे अप्पाबी असंच म्हणायचे," आई म्हणाली, पण गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली आणि चारी बोटं पडद्यावर ठेवली, ताप बघायला ठेवतात तशी. सुलेखानं लाल खुंटीतून काढलेल्या तारेला सेलचा प्लस आणि दुसरीला मायनस टेकवला. टक् असा बारीक आवाज झाला.

"आत गेला."

"नक्की?"

"अगं, बोटाखालून सरकला की! परत कर."

टक्. "आत. व्हय, आतच."

म्हणजे डाव्याची वायर उलटी होती. उजव्याची पाहिली, त्याचा पडदा बाहेर आला, ती बरोबर होती. सुलेखानं डाव्या वायरीच्या तारा काढून अदलाबदल केल्या, खुंट्या आवळल्या. मग तिच्या लक्षात आलं, की पुन्हा कधी सेट हलवला, झाडलोट झाली, रंगकाम निघालं, तर पुन्हा हेच होणार. खूण हवी होती. तिनं पर्समधलं लाल पेन काढलं. प्लास्टिकवर शाई धरेना.

आई तिच्याकडे पाहत होती. मग ती उठली आणि शिलाई मशीनपाशी गेली. त्या मशीनचा डावा खण नुसता ओढून उघडत नसे, जरा उचलून ओढावा लागे, हे या घरातल्यांनाच ठाऊक होतं. बॉबिनांच्या खालून तिनं टिकल्यांचं एक अर्धं पाकीट काढलं.

"अक्कानं सगळं घर हुडकलं," ती म्हणाली. "पण तिला हा खण उघडाया येत नाय."

"का ठेवलं होतंस?"

आईनं खांदे उडवले. "काय माहीत. फेकवलं नाय."

तिनं स्वतःच लावल्या. नखावर टिकली घ्यायची, तारेवर ठेवायची, अंगठ्यानं दाबायची. अँप्लिफायरकडच्या टोकाला एक, स्पीकरकडच्या टोकाला एक. चार स्पीकरांच्या आठ. चाळीस वर्षांची सवय होती. सुलेखा फक्त टॉर्च धरून बसली होती आणि प्लस कुठला ते सांगत होती.

सगळं झाल्यावर तिनं आईला सोफ्यावर बरोबर मधे बसवलं. बातम्या लावल्या. आवाज बारावर.

"डोळे मीट. बाई कुठून बोलतीय, बोट दाखव."

आईनं डोळे मिटले. तिचं बोट वर आलं, जरा इकडंतिकडं फिरलं आणि थांबलं. मनीप्लँटच्या बाटलीवर.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "वैजापूरकडं पाऊस झाला म्हणती." मग बराच वेळ तिनं डोळे उघडलेच नाहीत, आणि सुलेखानंही स्क्रू ड्रायव्हर पुसत बसायचं काम काढलं.

शनिवारी दुपारी आवडाआत्या आली. भावजय पुण्याला चालली म्हणून निरोप द्यायला, शेंगदाण्याची चटणी आणि वाळवणाची पिशवी घेऊन. पंचाहत्तरीची, काटक, नजर घारीची. स्टँड अजून भिंतीला लावलेलं नव्हतं. तिला ते दिसायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"आगं लीला! ह्या वायरीला टिकल्या कुणी लावल्या? म्या वेचून काढल्या व्हत्या ना?"

"मी लावल्या, अक्का."

"आगं पण... आता घरात... बरं दिसतं का ते?"

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "वायरीचा कुठं नवरा मेलाय, अक्का?"

आत्याचं तोंड उघडं राहिलं. तिचा स्वतःचा नवरा गेला तेव्हा ती तीस वर्षांची होती, आणि तिच्या वेळी कुणी आरशाला तर सोडाच, तिलाही काही विचारलं नव्हतं. ती त्या लाल ठिपक्यांकडे पाहत राहिली. मग तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि ती पदर तोंडाला लावून हलायला लागली. रडत नव्हती.

"लई वंगाळ झाली गं तू," ती म्हणाली. "अप्पा असता तर..."

"त्यांनीच शिकवलं."

त्यानंतर आत्या सोफ्यावर बसून चार वाजताची मालिका बघत राहिली आणि दर दोन मिनिटांनी सासूला शिव्या देत राहिली. मशीनचा खण तिनं उघडून बघितला नाही. जाताना मात्र म्हणाली, "लीला, पुन्याला गेल्यावर असं तोंड चालवू नको. सुना ऐकून घेत नायत."

त्या संध्याकाळी सुलेखानं तिला विचारलं, तुला काय हवंय? आई म्हणाली, "माझं काय, न्याल तिकडं यायचं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "असं आजवर कुणी इचारलंय मला?"

रविवारी अकराला अतुल आला. त्यानं बूट काढले, दाराजवळ पाहिलं, बॅग नव्हती. टीव्ही चालू होता.

"आवाज बंद केलाय का?" त्यानं विचारलं, आणि लगेच ओरडला, "आई, कशी आहेस?"

"वरडू नको. बस. पाणी घे."

अतुलनं बहिणीकडे पाहिलं. टिकल्यांची, सेलची, सय्यद चाचांची हकीकत सुलेखाच्या जिभेवर होती, पण सांगून पटवण्यात अर्थ नव्हता. गेला आठवडाभर सगळे तेच करत होते. ती भाजी निवडत बसली.

पाणी पिऊन अतुल फोन घेऊन गॅलरीत गेला. दार अर्धं लोटून, हळू आवाजात बायकोशी बोलायला लागला. "हो, पोचलो. आई तयार आहे. ताईनं काहीतरी खटपट केलीय, पण निघू आम्ही जेवून..."

"मी तयार नाय," आई सोफ्यावरून म्हणाली. मान न वळवता.

गॅलरीतलं बोलणं थांबलं. अतुल दारात आला. फोन अजून कानाला होता.

"काय म्हणालीस?"

"म्हन्लं, मी तयार नाय. तू तनुजाला सांगितलं ना, आई तयार हाये? तिला सांग, नाय." तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली. "तिसरी झाली. सुलू, गॅस बारीक कर."

सुलेखा उठून गेली. गॅस बारीक करून ती तिथंच उभी राहिली. इथूनही सगळं ऐकू येत होतं, पण पूर्वीही येतच होतं.

"तुझी काळजी वाटते म्हणून म्हणतोय, आई," अतुलचा आवाज आता साधा झाला होता. "धूर झाला होता त्या दिवशी. नानासाहेब नसते तर?"

"खरं हाये तुझं. कानाच्या डॉक्टरला दाखवू. दिवाळीला येते, तेव्हा दाखवू. आठ दिवस राहीन. नातवाला घेऊन इकडं ये, तोबी आठ दिवस राहील. पण हे घर भाड्यानं द्यायचं नाय. माझी बॅग मी भरीन तवा भरीन." आई थांबली. "आणि हे डबडं कुणाला द्यायचं नाय."

अतुलनं फोन कानाला लावून, "मी नंतर करतो," एवढंच म्हटलं आणि सोफ्यावर मधे, अप्पांच्या जागी, बसला. सवयीनं रिमोट घेतला. निळा आकडा बघितला. बारा. टीव्हीवर कुणी बाई भाजीचे भाव सांगत होती, सावकाश, एकेक शब्द सुटा. अतुलनं आधी डाव्या स्पीकरकडे पाहिलं, मग उजव्याकडे.

"ताई," त्यानं हाक मारली, "मधला स्पीकर कधी दुरुस्त केला?"

"नाही केला."

"मग हा आवाज कुठून येतोय?"

तो उठला, मनीप्लँटच्या बाटलीपाशी गेला आणि तिच्या मागं हात घालून चाचपून बघायला लागला.